जिंकून थांबलेले सेनापती

पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या माणसाने नीरा ओलांडली की शिरवळ लागते आणि तिथून आमचा खंडाळा तालुका सुरू होतो. समोर महादेवाच्या डोंगराची रांग आडवी पसरलेली दिसते. ती ओलांडायच्या वाटा मोजक्याच. खंडाळ्यावरून चढणारा आणि पलीकडे वाईच्या खोऱ्याकडे उतरणारा खंबाटकी, आणि पूर्वेला, लोणंदच्या खाली, सालप्याचा घाट. आता घाटातून नाहीतर बोगद्यातून जायचे-यायचे, एवढाच त्या डोंगराशी आपला संबंध उरला आहे. अठराव्या शतकात मात्र पुणे पेशव्यांचे होते, सातारा छत्रपतींचा होता, आणि या दोन गाद्यांमध्ये जेव्हा जेव्हा बिनसले तेव्हा फौजा याच तालुक्यातून नाहीतर त्याच्या कडेने गेल्या.

त्यातली एक फौज १७५१ साली आली. तिचे पुढे जे झाले ते शाळेच्या पुस्तकात फारसे येत नाही. पानिपतावर आपल्याकडे पोतीच्या पोती लिहिले गेले आहे. पण सेनापती नेमका कुठे चुकतो, हे समजून घ्यायला मला साताऱ्याच्या वेशीवरची ही दीड-दोन महिन्यांची मोहीम जास्त उपयोगी वाटते. पानिपताएवढे दुःख तिच्यात नाही, त्यामुळे डोळे न भरता हिशेब मांडता येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला, पण कारभार पेशव्यांकडे, म्हणजे बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेबांकडे गेला. ताराबाई तेव्हा पंचाहत्तरीला आल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी औरंगजेबाशी झुंजलेली ही बाई गडावर जपमाळ ओढत बसेल, असा कुणाचा समज असला तर तो २४ नोव्हेंबर १७५० रोजी फिटला. त्यांनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पेशव्यांच्या विरुद्ध उघड दंड थोपटले. मदतीला त्यांनी हाक घातली ती उमाबाई दाभाडे यांना. उमाबाईंचा मुलगा, सेनापती त्रिंबकराव दाभाडे, १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावांशी लढताना मारला गेला होता. वीस वर्षे झाली तरी ती जखम ओलीच होती. गुजरातेतले त्यांचे मुतालिक दमाजी गायकवाड यांना त्यांनी पाठवले. दमाजींबरोबर सुमारे १५ हजार फौज होती.

वेळ मोठी अचूक साधली होती. नानासाहेब फौजेसह दूर मोगलाईच्या सरहद्दीवर गुंतलेले, पुणे जवळजवळ उघडे. दमाजी जवळ आल्याची बातमी लागताच नानासाहेबांच्या आजी राधाबाई आणि आई काशीबाई यांना पुणे सोडून सिंहगडावर जावे लागले. पेशव्यांच्या घरची माणसे गडावर आणि शत्रू शहरापासून एका मजलेवर, अशी पाळी बाजीरावांच्या घरावर आजवर आलेली नव्हती.

आणि इथेच पहिली चूक झाली. पुण्याजवळ पारगावच्या तळावर दमाजींना महादजी अंबाजी पुरंदऱ्यांचे पत्र आले. पुरंदरे पेशव्यांचे इमानी. पत्रात त्यांनी दमाजींना फितुरीबद्दल फटकारले होते. पत्राने मन कचरले की मुळातच साताऱ्याला जायचे ठरले होते, कोण जाणे, पण दमाजींनी पुण्याकडे पाठ फिरवली आणि सालपे घाटाच्या रोखाने साताऱ्याची वाट धरली. पुणे हाती आले असते तर पेशव्यांचा खजिना, दप्तर, सावकार आणि अब्रू असे सगळेच ओलीस मिळाले असते. सातारा हाती येण्यासारखे काही नव्हतेच, कारण किल्ला आधीपासूनच ताराबाईंकडे होता. जे आपल्याच पक्षाकडे आहे ते सोडवायला सेनापती निघाला आणि जे शत्रूचे उघडे पडले आहे ते मागे राहिले.

त्यांना अडवायला महादजींचे भाऊ त्रिंबकराव पुरंदरे २० हजार फौज घेऊन आले. साताऱ्याच्या उत्तरेला निंब येथे गाठ पडली. निंब म्हणजे आजचे लिंब. विरूबाई भोसल्यांनी बांधलेली बारा मोटांची विहीर पाहायला आता तिथे सहली येतात. लढाई झाली तेव्हा ती विहीर जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची होती. संख्येने कमी असूनही दमाजींनी ही लढाई जिंकली. गुजरातेत वर्षानुवर्षे घोड्यावर काढलेली माणसे ती. पुरंदऱ्यांची फौज मागे हटली. दमाजी साताऱ्याला पोचले, ताराबाईंनी त्यांचे स्वागत केले, आणि आसपासचे काही गडही ताराबाईंच्या हाती आले.

आता दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. हरलेली फौज मोडली नव्हती, नुसती पांगली होती. तिचा पाठलाग करून तिला नीरेपार घालवणे हे निंबच्या विजयानंतरचे पहिले काम. त्याऐवजी दमाजींची फौज वेण्णा नदीच्या काठी तळ देऊन बसली. मुजरे, मसलती, मानपान यांत किती दिवस गेले याला फार महत्त्व नाही. त्रिंबकरावांना पुरेसे मिळाले. त्यांनी माणसे गोळा केली आणि १५ मार्च १७५१ रोजी त्याच वेण्णाकाठच्या तळावर घाला घातला. दमाजींना मोठे नुकसान सोसून माघार घ्यावी लागली. ज्या सेनापतीला निंबला हरवले त्यानेच काही दिवसांत विजेत्याला हरवले, तेही विजेता स्वतःच्या राहुट्यांत असताना.

माघार घेऊन दमाजी गेले कुठे? जोर खोऱ्यात. वाईच्या पश्चिमेला कृष्णेच्या उगमाकडे आत आत जाणारे हे खोरे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. दोन्ही अंगांना डोंगर आणि शेवटाला महाबळेश्वरच्या पठाराची भिंत. धोम आणि बलकवडीच्या धरणांमुळे आज तिथे पाणी पसरलेले दिसते, तेव्हा ते नव्हते. पण डोंगर तेच. मूठभर पायदळाला दडायला ही जागा उत्तम. घोडदळाला मात्र ती पिंजराच. हजारो घोड्यांना रोज दाणावैरण लागते, आणि मार्च-एप्रिलात सह्याद्रीच्या या अंगाला गवताची काडी वाळलेली असते.

तिथे जाण्यामागे दमाजींचा एक हिशेब होता. कऱ्हाडहून छत्रपतींचे प्रतिनिधी आपली फौज घेऊन येतील आणि दोघे मिळून बाहेर पडू, असे त्यांना वाटत होते. प्रतिनिधी आले नाहीत. आले ते शत्रू. पुण्याकडून पुरंदऱ्यांची फौज आणि मागून, कोकणातून, कल्याणचा सुभेदार शंकराजीपंत. अठराव्या शतकातल्या किती मोहिमा अशा न आलेल्या कुमकेपायी बुडाल्या हे मोजायला बसले तर अंकाची पाने पुरायची नाहीत.

दरम्यान नानासाहेबांनी काय केले ते पाहा. बंडाची बातमी मिळताच मोगलाईतली मसलत तिथेच सोडून ते निघाले आणि सुमारे ४०० मैलांची मजल १३ दिवसांत मारून २४ एप्रिलला साताऱ्याला येऊन धडकले. दिवसाला सरासरी ५० किलोमीटर, ऐन उन्हाळ्यात, फौजेसकट. आल्या आल्या त्यांनी यवतेश्वराची ठाणी उठवली आणि किल्ल्याची नाकेबंदी केली. नानासाहेब लेखणीबहाद्दर होते, वडिलांसारखे तलवारबहाद्दर नव्हते, असे आपण सरसकट म्हणतो. या तेरा दिवसांत तरी त्यांच्या अंगात बाजीराव संचारला होता.

कोंडलेल्या दमाजींना बोलणी करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पेशव्यांनी गुजरातचा अर्धा मुलूख आणि २५ लाख रुपये मागितले. दमाजी म्हणाले, मी तर चाकर, मुखत्यारी उमाबाईंची, त्यांना विचारा. शपथक्रिया झाली होती, लढाई थांबली होती, आणि त्या भरवशावर दमाजींनी पेशव्यांच्या तळाजवळच आपला तळ दिला होता. ३० एप्रिलच्या संध्याकाळी पेशव्यांच्या फौजेने त्या तळावर अचानक झडप घातली. प्रतिकार झालाच नाही. तळ लुटला गेला आणि दमाजी कैद झाले. पुढे दाभाड्यांचे कुटुंबही धरले गेले. ही दमाजींची शेवटची चूक: ज्याला आपण दगा दिला, त्याच्या शपथेवर विसंबून राहणे.

ही हकिगत तपशिलाने लिहून ठेवणाऱ्यांत ग्रँट डफ आहे. १८१८ नंतर तो साताऱ्यालाच इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. पेशव्यांच्या राज्यावर त्याचा रोष होता हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. पण सालपे, निंब, जोर ही ठिकाणे त्याच्या परिचयाची होती, हेही खरे.

साताऱ्याच्याच किल्ल्याखाली, याच्या पन्नास वर्षे आधी, एक वेगळ्या जातीची चूक घडली होती. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब जातीने साताऱ्याला वेढा घालून बसला. किल्ला प्रयागजी प्रभू लढवत होते. महिनोन्‌महिने खपून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले आणि १३ एप्रिल १७०० रोजी त्यांना बत्ती दिली. पहिल्या स्फोटात तट आतल्या बाजूला कोसळला, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाचा मारा मात्र बाहेरच्या अंगाला आला, आणि हल्ल्यासाठी तटाखाली खेटून उभ्या केलेल्या मोगल फौजेवरच दगडमातीचा डोंगर कोसळला. सुमारे दोन हजार माणसे मेली. सुरुंग कुठल्या बाजूला फुटेल याची खात्री नसताना माणसे त्याच्या तोंडाशी उभी करणारा सेनापती कोण, हे कुणी विचारले की नाही कळत नाही. आठवडाभराने किल्ला पडला तो या स्फोटाने नव्हे. राजाराम महाराज मार्चमध्ये सिंहगडावर वारल्याची बातमी आली होती आणि किल्ल्यात लढण्याचे बळ राहिले नव्हते. एका किल्ल्यासाठी बादशहाने चार-साडेचार महिने खर्ची घातले, आणि मराठ्यांनी तो पुढे परत घेतला.

पण मी थांबण्याच्या चुकीबद्दल बोलत होतो. त्यासाठी दुसऱ्या खंडाळ्याला जावे लागेल, बोरघाटाच्या माथ्यावरच्या. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३९०० फौज राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी निघाली. बरोबर १९ हजार बैल. माणसामागे जवळजवळ पाच बैल! सेनापती कर्नल एगर्टन आजारी, त्याच्या डोक्यावर कारनॅक वगैरेंची समिती, आणि प्रत्येक निर्णयाला वाद. घाट चढून खंडाळ्याला आल्यावर वेगाने पुण्यावर जायचे, तर ही फौज गोगलगायीने लाजावे अशा चालीने सरकत राहिली. मुंबईहून निघाल्यापासून दीड महिन्याने, ९ जानेवारी १७७९ ला, ती तळेगावला पोचली. तोवर महादजी शिंदे, नाना फडणीस आणि हरिपंत फडके यांनी वाटेतली गावे ओस पाडली होती, दाणावैरण जाळली होती. तळेगावात राखच मिळाली. घाई करणारा एकच अधिकारी त्या फौजेत होता, कॅप्टन स्टुअर्ट. तो ४ जानेवारीला कार्ल्यापाशी तोफगोळा लागून मेला. शत्रूलाही त्याचे शौर्य इतके आवडले की मावळात तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ओळखला जातो.

इंग्रजही वाट पाहत होते. राघोबादादांच्या बाजूचे सरदार येऊन मिळतील, अशी त्यांना खात्री देण्यात आली होती. कुणी फिरकले नाही. तळेगावपासून पुणे एका-दोन मजलांवर असताना समिती घाबरली, ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, आणि वडगावला मराठ्यांनी तिला घेरले. १६ तारखेला तह झाला. लॉर्ड कॉर्नवॉलिस अमेरिकेत शरण गेला हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. वडगावशी जास्त जुळणारी गोष्ट मात्र त्याच अमेरिकेतल्या युद्धातल्या जनरल बर्गॉईनची आहे. कॅनडातून निघालेला हा सेनापती लांबलचक सामान ओढत जंगलातून आला आणि दक्षिणेकडून जनरल हाऊ येऊन मिळेल या आशेवर राहिला. हाऊ भलतीकडेच, फिलाडेल्फियाला गेला होता. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगाला बर्गॉईनने शस्त्रे ठेवली. वडगावच्या सव्वा वर्ष आधी.

आणि एवढ्यावर इंग्रज शहाणे झाले म्हणावे, तर १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड त्याच बोरघाटात येऊन बसला. नुसत्या दहशतीने नाना तहाला येतील असा त्याचा समज. नानांनी बोलणी लांबवली आणि तेवढ्यात घाटाखाली फौजा उतरवल्या. एप्रिलमध्ये गॉडर्डला कोकणात परतावे लागले, आणि त्या माघारीत त्याची साडेचारशेच्या वर माणसे मेली किंवा जखमी झाली.

थांबणे हीच एक चूक असते, असे मात्र नाही. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन हे त्या शतकातले एक नामांकित सेनापती. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांच्या एकत्र फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. तिथे निजामाने रात्रीच्या गोंधळात घाबरून स्वतःला खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात कोंडून घेतले आणि न हरलेली लढाई हरून दाखवली. पण त्याच मोहिमेत परशुरामभाऊ स्वतः टेहळणीला पुढे गेले आणि जखमी झाले. सेनापतीने पहारेकऱ्याचे काम करू नये, हा धडा त्यांनी घेतला नसावा. १७९९ च्या सप्टेंबरात कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला ते पडले. अंगात शौर्य फार असले की हेही होते.

पानिपताचा उल्लेख टाळून हा लेख संपवता येणार नाही, पण त्यातल्या एकाच माणसाकडे मला लक्ष वेधायचे आहे, आणि ते सदाशिवरावभाऊ नव्हेत. भाऊंच्या चुका सर्वांना पाठ आहेत: १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा जिंकून ते तिकडेच रेंगाळले, अब्दालीने मागे बागपतला यमुना ओलांडली, दक्षिणेची वाट तुटली, आणि मग अडीच महिने खंदकात बसून फौज उपाशी मेली. मला विचारायचे आहे ते नानासाहेबांबद्दल. १७५१ मध्ये तेरा दिवसांत चारशे मैल तोडणारा हा माणूस १७६० मध्ये मदतीला निघाला तो रमतगमत. २७ डिसेंबरला पैठणमध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. पानिपतची लढाई त्यानंतर अठरा दिवसांनी, १४ जानेवारीला झाली. पैठणहून जुन्या वेगाने दौडत गेले असते तरी ते वेळेवर पोचले नसते, हे अंतर मोजले की कळते. खरा उशीर त्याच्या आधीच, पावसाळा संपल्यावरच्या आठवड्यांत झाला होता. दहा वर्षांत प्रकृती ढासळली होती, हे कारण खरे आहे. पण दुसरेही एक आहे: साताऱ्याचे बंड त्यांच्या स्वतःच्या गादीवर आले होते, तिथे उशीर परवडणारा नव्हता. उत्तरेत भाऊ होते, विश्वासराव होते, म्हणून दुसऱ्याच्या भरवशावर राहता आले. जोर खोऱ्यात दमाजी प्रतिनिधींची वाट पाहत होते, पानिपतात भाऊ पेशव्यांची.

आणि पानिपतात दमाजी गायकवाडही होते. इब्राहिमखान गारद्याच्या बाजूला, डाव्या फळीवर लढले आणि जिवंत परतले. १७५१ नंतर त्यांचे काय झाले ते सांगायचे राहिलेच. पुण्यात आणि लोहगडावर कैदेत काढून १७५२ मध्ये त्यांनी अटी मान्य केल्या: अर्धा गुजरात, १५ लाख रुपये आणि दरसाल सव्वापाच लाखांची खंडणी. ताराबाईंनीही त्याच वर्षी सप्टेंबरात जेजुरीला पेशव्यांशी समेट केला. पेशव्यांना हवे ते सगळे मिळाले. पण त्या संध्याकाळच्या झडपेनंतर दमाजी पेशव्यांना मुजरा करीत ते डाव्या हाताने, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. घराणे ते विसरले नाही. १७८० च्या जानेवारीत दमाजींचे चिरंजीव फत्तेसिंगराव गायकवाड यांनी गॉडर्डशी तह केला आणि इंग्रज-मराठा युद्धाच्या ऐन मध्यात ते इंग्रजांच्या बाजूला गेले. त्यानंतर लवकरच अहमदाबाद पडले.

म्हणून १७५१ च्या मोहिमेचा निकाल मी असा देतो. दमाजी पारगावला चुकले, वेण्णाकाठी चुकले, जोर खोऱ्यात चुकले. या चुकांची किंमत त्यांनी एका वर्षाच्या कैदेत आणि अर्ध्या मुलखात फेडली. नानासाहेब लष्करी दृष्टीने कुठेच चुकले नाहीत. कोंडलेला शत्रू बोलणीला आला होता, तरी त्यांनी शपथ मोडून त्याला धरले. त्या मोहिमेतली सगळ्यात महागडी चूक तीच, आणि तिचे पैसे पेशवाईने पुढे तीस वर्षांनी गुजरातेत भरले.